ब्लू स्प्रूस खालून का वाळतो, आणि फवारा कधी मारायचा

प्रश्न थोडक्यात असा: डेट्रॉईटजवळ नोव्हायमध्ये घर घेतलंय. मागच्या कुंपणालगत आधीच्या मालकाने ओळीने लावलेले 6 ब्लू स्प्रूस (निळसर सुयांची सूचिपर्णी झाडं) आहेत, साधारण 20 वर्षांचे. गेली तीन वर्षं खालच्या फांद्यांच्या सुया जांभळट तपकिरी होऊन झडतायत. आता माणसाच्या उंचीपर्यंत नुसत्या काटक्या दिसतात, टोकांना तेवढं हिरवं. लॉनचं काम करणाऱ्या कंपनीने ऑगस्टमध्ये एकदा औषध मारलं, मुळाशी खताच्या कांड्या ठोकल्या. फरक शून्य. झाडं वाचतील, की तोडून टाकावीत?

आधी सरळ उत्तर देतो. वर्णनावरून ही ऱ्हायझोस्फेरा नावाच्या बुरशीमुळे होणारी सुईगळ असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. या रोगाने झाड एका वर्षात मरत नाही, तेव्हा घाईने करवतवाल्याला बोलावू नका. पण सहाच्या सहा झाडं राखण्याचा हट्टही धरू नका. ऑगस्टचा फवारा वाया गेला, कारण या रोगावर औषध लागू पडतं ते मे-जूनमध्येच. आणि यापुढे एक डॉलरही खर्च करण्याआधी रोग तोच आहे ना, हे पाहून घ्या. मिशिगनमध्ये ब्लू स्प्रूस तपकिरी व्हायला निदान पाच-सहा कारणं आहेत, आणि रस्त्यावरून पाहिलं तर ती सगळी सारखीच दिसतात. गाडीतून न उतरता निदान करणारे लोक मी या धंद्यात भरपूर पाहिलेत.

खात्री करायला फांदी वाचता आली पाहिजे. स्प्रूसची एक फांदी हातात घ्या आणि टोकाकडून आत या. टोकाचा कोवळा भाग यंदाचा. तिथून मागे आलात की एक बारीक कडं लागतं, जुन्या कळीच्या खवल्यांची खूण. त्यामागचा तुकडा गेल्या वर्षीचा. पुढच्या कड्यामागे त्याआधीच्या वर्षीचा. निरोगी स्प्रूस आपल्या सुया पाच ते सात वर्षं धरून ठेवतो, म्हणजे चांगल्या फांदीवर अशी चार-पाच कडी मागे जाईपर्यंत हिरवं दिसायला हवं. ऱ्हायझोस्फेरा झालेल्या फांदीवर यंदाच्या सुया हिरव्यागार, गेल्या वर्षीच्या पिवळट ते जांभळट तपकिरी, आणि त्यामागे सगळं रिकामं, असा क्रम असतो. तुम्ही लिहिलेलं "टोकांना तेवढं हिरवं" वाचून माझा संशय या बुरशीवर गेला तो यामुळेच.

आता भिंग. दागिने पाहायला सोनार वापरतो तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, ऑनलाईन स्वस्तात मिळतं. एप्रिल-मेमध्ये गेल्या वर्षीच्या दहा-वीस जांभळट सुया तोडा आणि भिंगाखाली धरा. निरोगी सुईवर लांबीच्या दिशेने पांढऱ्या ठिपक्यांच्या नेटक्या रांगा दिसतात. ती सुईची श्वास घेण्याची रंध्रं, त्यांच्या तोंडाशी मेण असतं म्हणून पांढरी दिसतात. ऱ्हायझोस्फेरा या रंध्रांतूनच आपली फळं बाहेर काढते. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी गोल, गुळगुळीत काळे ठिपके दिसतात, तेही तसेच रांगेत, आणि बऱ्याच ठिपक्यांच्या डोक्यावर उचललं गेलेलं मेण पांढऱ्या टोपीसारखं बसलेलं असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. सुया तपकिरी आहेत पण ठिपके दिसत नाहीत असं झालं तर ओलसर पेपर टॉवेलमध्ये त्या गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत एक-दोन दिवस घरातच ठेवा. बुरशी असेल तर ठिपके वर येतात.

काळे ठिपके गोल नसून केसाळ, कडेला कोळ्याच्या पायांसारखे बारीक फाटे फुटलेले दिसले, तर ती स्टिग्मिना ही दुसरी बुरशी. नुसत्या डोळ्यांनी या दोघींत फरक कळत नाही. एकाच झाडावर दोन्हीही सापडतात. उपाय जवळपास तोच, पण स्टिग्मिना औषधाला कमी दाद देते आणि फवारे जास्त लागतात, म्हणून आधी कळलेलं बरं. भिंगाने समाधान होत नसेल तर ईस्ट लान्सिंगला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना पाठवा. नमुना म्हणजे पूर्ण वाळलेली काटकी नव्हे. हिरवं आणि तपकिरी दोन्ही एकत्र असलेली, अर्धवट आजारी फांदी पाठवा. पूर्ण मेलेल्या लाकडावर मढ्यावर जगणाऱ्या इतक्या बुरश्या येतात की मूळ गुन्हेगार सापडत नाही.

बुरशी नसेल तर मग काय? पहिला संशय स्प्रूसवरच्या लाल कोळ्याचा. हा कोळी थंड हवेत, म्हणजे वसंतात आणि शरदात जोरात असतो. उन्हाळ्यात शोधायला गेलात तर तो दिसायचा नाही, पण त्याने केलेलं नुकसान मात्र तेव्हाच नजरेत भरतं. त्याच्या फांदीवर वर्षांचा क्रम दिसत नाही. सगळ्याच सुया धुरकट, काशाच्या रंगाच्या होतात. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीन टपल्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. इथे एक गोष्ट लॉनवाल्यांबद्दल. ऑगस्टमध्ये त्यांनी "औषध" म्हणून काय मारलं ते बिलावर पाहा. कीटकनाशक असेल तर बुरशीवर त्याचा काडीचा उपयोग नाही, वर कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि पुढच्या वसंतात कोळी बेसुमार वाढतो. मुळाशी ओतायच्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानेही स्प्रूसवर असंच होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, इथल्या लॉन कंपनीला मात्र सांगावं लागतं.

दुसरा संशय सायटोस्पोरा या फांदीमर रोगाचा. त्यात सुया वर्षांच्या क्रमाने जात नाहीत, अख्खी फांदी टोकासकट मरते. शेजारची फांदी ठणठणीत असू शकते. सालीवर निळसर पांढरा वाळलेला डिंक ओघळलेला दिसतो. यावर फवारा नाही. कोरड्या हवेत फांदी बुंध्याशी कापायची, एवढंच. सुईगळीने आणि दुष्काळाने थकलेल्या झाडावर हा रोग मागाहून येतो, म्हणून जुन्या झाडावर दोन्ही एकत्र दिसले तर नवल नाही. बाकी, शरदात आतल्या आत, बुंध्याजवळच्या सर्वांत जुन्या सुया सगळ्या झाडावर सारख्या पिवळ्या होऊन गळत असतील तर तो आजारच नाही.

आता या बुरशीचं वर्षाचं वेळापत्रक सांगतो, कारण सगळं गणित त्यात आहे. मे महिन्यात स्प्रूसच्या कळ्या फुटतात आणि कोवळ्या सुया बाहेर येतात. त्याच वेळी गेल्या वर्षीच्या आजारी सुयांवरच्या काळ्या ठिपक्यांमधून बीजाणू पाझरत असतात. हे बीजाणू वाऱ्याने लांब जात नाहीत, पावसाच्या थेंबांबरोबर उडतात. कोवळ्या सुईवर पडले, साधारण 25 अंश सेल्सिअसच्या आसपास हवा असली आणि सुई बराच वेळ, म्हणजे दोनेक दिवस ओली राहिली, की बुरशी आत शिरते. त्या वर्षी तुम्हाला काही दिसत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस जरा पिवळे चट्टे. हिवाळा संपता संपता त्या सुया जांभळट होतात, वसंतात त्यांच्यावर काळे ठिपके येतात, आणि तेच ठिपके नव्या सुयांना लागण करून मगच, लागणीपासून 12 ते 15 महिन्यांनी, सुई गळून पडते. म्हणजे आज तुम्हाला झडताना दिसणारी सुई गेल्या वर्षीच्या मे-जूनमध्येच आजारी पडलेली आहे. ऑगस्टमध्ये मारलेलं औषध तिला वाचवू शकत नव्हतं आणि नव्या सुयांनाही लागण बहुतेक होऊन गेली होती.

रोग खालून वर का चढतो, तेही यातच आलं. जमिनीजवळ सावली, गवत, दव आणि स्प्रिंकलरचं पाणी. तिथल्या सुया सर्वांत उशिरा वाळतात. दर वर्षी सुया जात राहिल्या तर तीन-चार वर्षांत फांदी मरते. स्प्रूसच्या सुया नसलेल्या जुन्या लाकडातून नवी पालवी फुटत नाही. शेंड्याकडची टोकं जिवंत आहेत तोवर त्या फांद्या पुढे वाढतील, पण आतलं उघडं पडलेलं लाकूड पुन्हा हिरवं होणार नाही. कितीही खत घाला. शेजाऱ्याच्या डेकपासून आडोसा म्हणून ही झाडं लावली असतील तर खालच्या भागातला तो आडोसा गेला तो गेलाच, हे मनाशी धरून पुढचा निर्णय घ्या.

मुळात हे झाड इथलं नाही. ब्लू स्प्रूस रॉकी पर्वतातला: कोलोरॅडो, युटा, वायोमिंग, न्यू मेक्सिको, सुमारे 6,000 ते 10,000 फुटांवर, ओढ्यांच्या काठाने वाढणारा. पायाशी पाणी, पण हवा कोरडी, रात्री थंड. कोलोरॅडोने 1939 साली त्याला आपलं राज्यवृक्ष केलं. त्याचा रंग देखणा, रोपवाटिकेत सहज वाढतो, हरणं शक्यतो तोंड लावत नाहीत, म्हणून बिल्डरांनी मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिन, इलिनॉयमध्ये प्रत्येक नव्या वस्तीत त्याच्या रांगा लावल्या. इथल्या दमट उन्हाळ्यात, चिकणमातीत, एकमेकांना चिकटून. झाड लहान असताना वारा आरपार जातो आणि सगळं छान चालतं. 15-20 वर्षांनी फांद्या एकमेकांत घुसतात आणि आत दमट काळोख तयार होतो. तुमची झाडं नेमकी त्या वयात आहेत. या प्रदेशात ब्लू स्प्रूस आता नव्याने लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच नर्सरीवाल्यांनाही ते पटतं, पण गिऱ्हाईक निळा रंग मागतं.

फवाऱ्याकडे येऊ. इथे वापरायची औषधं दोन प्रकारची, क्लोरोथॅलोनिल किंवा तांब्याची. क्लोरोथॅलोनिल म्हणजे नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं "कवच". दोन्ही औषधं सुईच्या पृष्ठभागावर थर करून बसतात आणि बीजाणूला रुजू देत नाहीत. आत शिरलेल्या बुरशीला ती मारत नाहीत. म्हणजे हा फवारा आजारी सुई बरी करण्यासाठी नसतो, निरोगी कोवळी सुई आजारी पडू नये म्हणून असतो. हे एकदा पटलं की वेळ आपोआप कळते. पहिला फवारा कोवळ्या सुया निम्म्या लांबीच्या झाल्या की. दक्षिण मिशिगनमध्ये हे साधारण मेच्या मध्यानंतर येतं, पण कॅलेंडर पाहू नका, झाड पाहा: कळ्यांवरच्या तपकिरी कागदी टोप्या पडून कोवळी सुई मोकळी झालेली असली पाहिजे. टोप्या असताना मारलं तर औषध टोपीवर बसतं आणि टोपीबरोबर खाली पडतं. दुसरा फवारा तीन ते चार आठवड्यांनी, सुया पूर्ण वाढल्या की. जून फार पावसाळी गेला किंवा स्टिग्मिना निघाली तर तिसरा.

फवारा आतून-बाहेरून, सुया ओल्या होऊन थेंब गळेपर्यंत बसला पाहिजे. खालचा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. होजच्या टोकाला लावायच्या बाटलीने दहा-बारा फुटांपर्यंत घरच्या घरी काम भागतं. तुमची झाडं 20 वर्षांची, म्हणजे वरच्या भागासाठी मशीनवाला लागेल. अशा माणसाकडे मिशिगनच्या कृषी खात्याचा औषध फवारण्याचा परवाना असावा लागतो, तो मागून पाहायला लाजू नका. आणि फोनवर एकच प्रश्न विचारा: "पहिला फवारा कधी माराल?" समोरून "आमचा स्प्रूस प्रोग्राम जुलैत सुरू होतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. मेमधल्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे मार्चमध्येच बोलून ठेवलेलं बरं.

क्लोरोथॅलोनिल हे साधं औषध नव्हे. डोळ्यांना फार वाईट, आणि माशांना अत्यंत विषारी. इथल्या वस्त्यांमध्ये पावसाचं पाणी साठवायची तळी घरामागेच असतात, त्यांच्या काठाला ते मारू नये. युरोपीय संघाने 2019 साली त्याच्या परवानगीचं नूतनीकरण नाकारलं. अमेरिकेत ते चालू आहे, पण मुलं अंगणात खेळत असतील तर मी तांब्याकडे झुकेन, जरी त्याचा परिणाम जरा कमी धरला जातो. तांब्याचंही लेबल वाचा. ब्लू स्प्रूसच्या रंगाबद्दल त्यावर काही सूचना असेल तर आधी एका फांदीवर मारून पाहा.

गावाकडून आलेले वडीलधारे हमखास म्हणतात, "मोरचूद आणि चुना मारा की, बोर्डो!" सल्ला चुकीचा नाही. फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 साली द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी जे मिश्रण पुढे आणलं तेच हे, आणि स्प्रूसच्या सुईगळीवरही ते चालतं. कोकणात, गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर पावसाच्या तोंडावर मारतात त्यामागचा हिशेबही हाच, पाऊस यायच्या आत थर बसला पाहिजे. फक्त घरी बादलीत घोळ घालू नका. चुना कमी पडला तर मोकळं तांबं कोवळ्या सुया भाजून काढतं. बागाईतदार घोळात लोखंडी खिळा बुडवून तांबूस थर चढतो का ते बघतात आणि चढला तर चुना वाढवतात. तो हात सगळ्यांना नसतो. इथे दुकानात तांब्याची तयार औषधं मिळतात, ती घ्या.

औषधाइतकीच महत्त्वाची कामं फुकटातली आहेत. स्प्रिंकलरची तोंडं झाडापासून वळवा. मी पाहिलेल्या वाईट झाडांपैकी कितीतरी झाडांच्या खालच्या फांद्यांवर रोज पहाटे पाणी पडत होतं. झाडाला पाणी द्यायचं तर होज जमिनीवर हळू सोडून. खालचं उंच गवत काढा, लाकडाच्या भुशाचा तीनेक इंचांचा थर द्या, बुंध्याला न टेकवता. पूर्ण मेलेल्या फांद्या कापा, पण सकाळचं दव वाळल्यावर, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवतीचं पातं अल्कोहोलने पुसा. खाली पडलेल्या सुया गोळा करण्यात सुट्टी घालवू नका, लागण मुख्यतः झाडावर अजून लटकलेल्या सुयांमधून होते. खताच्या कांड्यांचं म्हणाल तर बुरशीवर खत हा उपाय नाही.

आता तुमची 6 झाडं. मी जागेवर आलो असतो तर आधी झाडांमधलं अंतर मोजलं असतं. ब्लू स्प्रूसचा घेर 10 ते 20 फूट होतो, आणि कुंपणालगतच्या रांगेत झाडं बहुतेक वेळा 8-10 फुटांवर असतात. तसं असेल तर एकाआड एक काढा, सर्वांत वाईट झाडांपासून सुरुवात करून. निम्म्याहून जास्त उंचीपर्यंत उघडं पडलेल्या झाडावर फवाऱ्याचे पैसे घालू नयेत. उरलेल्या दोन-तीन झाडांना मोकळी हवा मिळाली की अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते, आणि फवाऱ्याचा खर्चही निम्मा होतो. काढण्याआधी वस्तीच्या असोसिएशनचे नियम पाहा, काही ठिकाणी एक झाड काढलं तर एक लावावं लागतं.

त्या जागी काय लावायचं? नॉर्वे स्प्रूस या बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण झाड मोठं होतं, जागा द्या. व्हाईट स्प्रूस मधला, कधी टिकतो कधी नाही. निळ्या रंगाचा मोह सुटत नसेल तर कॉन्कलर फर, मात्र पाणी तुंबणाऱ्या चिकणमातीत तो जगत नाही. नुसता आडोसा हवा असेल तर ग्रीन जायंट आर्बरव्हायटी किंवा ईस्टर्न रेड सीडर. डग्लस फर नको. त्याला स्वतःच्या वेगळ्या सुईगळी आहेत, मिशिगनच्या ख्रिसमस ट्रीवाल्यांना विचारा. आणि काहीही लावा, एकाच जातीची रांग लावू नका. सुईगळ फक्त निष्काळजी घरमालकांच्या झाडांना होते असं वाटत असेल तर वॉशिंग्टनला व्हाईट हाऊससमोर दर डिसेंबरला दिव्यांनी सजवतात ते राष्ट्रीय ख्रिसमस झाड पाहा. 2023 साली तिथलं आधीचं झाड सुईगळीच्या बुरशीमुळेच काढावं लागलं आणि वेस्ट व्हर्जिनियातून नॉर्वे स्प्रूस आणून उभा केला. तिथे तर नॅशनल पार्क सर्व्हिसची माणसं दिमतीला असतात.

राखलेल्या झाडांवर औषध सुरू केलंत तर सलग दोन वर्षं तरी करा. पहिल्या वर्षी मेमध्ये फवारल्यावर जुलैत झाड होतं तसंच दिसेल, उलट जुन्या आजारी सुया गळून आणखी उघडं वाटेल. बहुतेक लोक इथेच कंटाळून थांबतात. फवारलेल्या सुया टिकल्या की नाही हे कळतं ते पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा पुन्हा एकदा फांदी हातात घ्या आणि कडी मोजा. यंदाच्या सुयांमागे गेल्या वर्षीच्या हिरव्या दिसल्या तर औषध लागू पडतंय. त्याच्या पुढच्या वर्षी टोकाकडून तिसरा तुकडाही हिरवा असेल आणि भिंगाखाली काळे ठिपके सापडत नसतील तर फवारा थांबवून पाहा, आणि दर एप्रिलला दहा सुया तपासत जा. मेचे पावसाळी आठवडे आले तर त्या वर्षापुरता परत सुरू करावा लागेल.